मायक्रोबिटची जोडणी
(केंद्रातील शिक्षण परिषदेत दिलेले भाषण)



आज मला जो विषय देण्यात आला आहे तो ऐकावयास किरकोळ वाटेल. एक लहानसा बोर्ड संगणकास किंवा मोबाइलला कसा जोडावा, एवढाच तो विषय. केबल खुपसली की काम झाले, त्यावर भाषण ते काय करावयाचे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आलेही असेल. परंतु ज्या शाळांतून ही उपकरणे पोहोचली, त्यांपैकी मी पाहिलेल्या बऱ्याच शाळांत ती कपाटात आढळली. आणि ती कपाटात का गेली याची विचारपूस केली असता बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळाले. पहिल्या दिवशी जोडणी झाली नाही. मुले भोवती गोळा झाली, गुरुजींनी केबल लावली, काढली, पुन्हा लावली, तास संपला, आणि ‘हे चालत नाही’ असा शिक्का त्या वस्तूवर कायमचा बसला. एका शाळेत तर असे तीन बोर्ड डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नादुरुस्त म्हणून नोंदले गेले होते. ते तिन्ही बोर्ड शाबूत होते. दोष केबलचा होता. म्हणून हा किरकोळ विषय मला किरकोळ वाटत नाही.

प्रथम या वस्तूची थोडी ओळख करून घेऊ. मायक्रोबिट हा मूळचा ब्रिटनमधला. तेथील बीबीसी या नभोवाणी संस्थेने १९८१ साली लोकांस संगणकाची ओळख व्हावी म्हणून ‘बीबीसी मायक्रो’ नावाचा संगणक एका कंपनीकडून तयार करवून घेतला होता आणि तो तेथील शाळाशाळांतून पोहोचला. त्याच परंपरेत २०१५ साली या बोर्डाची घोषणा झाली आणि २०१६ साली अकरा-बारा वर्षे वयाच्या सुमारे दहा लक्ष मुलांस तो विनामूल्य देण्यात आला. त्यात मला विशेष वाटते ते हे की, तो शाळेला दिलेला नव्हता, मुलाला दिलेला होता. मुलाने तो घरी न्यावा, खिशात ठेवावा, अशी त्यामागील कल्पना होती. पुढे त्याचे काम एका स्वतंत्र शैक्षणिक प्रतिष्ठानाकडे गेले आणि २०२० साली ध्वनिवर्धक व मायक्रोफोन असलेली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. जाता जाता एक गंमत सांगतो. १९८१ सालच्या त्या टेबलभर संगणकाच्या साध्या नमुन्यात १६ किलोबाइट स्मृती होती. पहिल्या मायक्रोबिटमध्येही नेमकी तेवढीच आहे, आणि हा तर तळहातावर मावतो.

लांबी सुमारे ५ सेंटिमीटर, रुंदी ४. पुढील बाजूस पाच रांगांत पाच-पाच असे पंचवीस तांबडे दिवे. त्यांच्या दोन्ही अंगांस ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन बटणे. मागे वरच्या कडेस यूएसबी केबलचे तोंड, त्याच्या शेजारी आणखी एक बटण, आणि पलीकडे बॅटरीच्या डबीचे तोंड. खालच्या कडेला सोनेरी पट्ट्या आहेत, त्यांचा आज विचार नाही. बोर्ड हलविला, तिरपा केला, तर ते त्यास समजते; दिशा समजते; उजेड व उष्णता यांचाही त्यास अंदाज येतो.

आता जोडणीच्या दृष्टीने महत्त्वाची अशी एक गोष्ट आहे, आणि ती वरून पाहिल्यास दिसत नाही. या बोर्डावर एक नव्हे, दोन संस्कारक आहेत; संस्कारक म्हणजे आपण ज्यास चिप म्हणतो ती. एक मोठी चिप मुलाने लिहिलेला कार्यक्रम चालविते: दिवे लावणे, बटण दाबले का ते पाहणे, हे सारे तिचे काम. दुसरी चिप दारावरच्या शिपायासारखी आहे. केबलमधून जे काही येते ते प्रथम तिच्या हाती पडते. ते ठीक आहे की नाही हे ती पाहते आणि मग पहिल्या चिपमध्ये नेऊन ठेवते. मुलाचा कार्यक्रम कितीही चुकीचा असो, तो या शिपायापर्यंत पोहोचत नाही. म्हणजे कार्यक्रम बिघडला तरी दार उघडेच राहते, आणि नवा कार्यक्रम पाठविला की जुना पुसून त्याची जागा तो घेतो. ‘मुलाने काहीतरी उलटसुलट लिहिले तर बोर्ड कायमचा बंद पडेल’ ही जी भीती आपणांस वाटते, तिला या रचनेत जागाच ठेवलेली नाही. पाण्याचा थेंब, लोखंडी टेबल, खिशातील किल्ल्या यांची भीती अवश्य बाळगावी. मुलाच्या चुकीची बाळगू नये.

आता केबलकडे वळू. यूएसबी केबलच्या पोटात साधारणतः चार तारा असतात. दोन विजेच्या, दोन निरोपाच्या. विजेच्या तारांतून ५ व्होल्ट दाबाची वीज येते आणि निरोपाच्या तारांतून संगणक व उपकरण परस्परांशी बोलतात. परंतु बाजारात अशाही केबली पुष्कळ मिळतात की ज्यांत निरोपाच्या तारा घातलेल्याच नसतात. त्या केवळ चार्जिंगसाठी असतात. पॉवर बँकेबरोबर, कानात घालावयाच्या स्वस्त यंत्राबरोबर, टॉर्चबरोबर ज्या आखूड केबली येतात त्या पुष्कळदा या जातीच्या. बाहेरून दोन्ही केबली हुबेहूब सारख्या दिसतात. रंगावरून, जाडीवरून काही कळत नाही.

येथेच फसगत होते. अशी केबल लावली तर वीज पोहोचते, त्यामुळे बोर्डावरील दिवे लागतात. बोर्ड नवा असेल तर त्यात आधीच घातलेला ओळखीचा खेळ सुरू होतो. तो नमस्कार करतो, ‘ए’ दाबा, ‘बी’ दाबा, हलवा असे सांगतो. मुले आनंदून जातात. पण संगणकाच्या पडद्यावर मात्र काहीच उमटत नाही, कारण बोर्ड आला आहे ही वार्ताच त्याच्यापर्यंत गेलेली नसते. तेव्हा हे लक्षण नीट ओळखून ठेवावे: बोर्ड जागा आहे आणि संगणक अनभिज्ञ आहे, तर सर्वप्रथम केबल बदलावी. बोर्डाला, संगणकाला किंवा विद्यार्थ्याला दोष देण्यापूर्वी केबल बदलावी. दिवेच लागत नसतील तर मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा केबल पुरती आत बसली आहे का, संगणकाचे ते तोंड चालू आहे का, हे पाहावे.

मायक्रोबिटला जे तोंड आहे ते जुन्या मोबाइलचे, म्हणजे मायक्रो यूएसबीचे. नव्या मोबाइलना ते राहिलेले नाही. यात आपली थोडी सोयही आहे. घरोघरी खणात जुन्या केबली पडून असतात. त्या गोळा करून आणाव्या आणि एकेक लावून पाहावी. जिने बोर्ड संगणकावर दिसला तिला निरोपाच्या तारा आहेत असे समजावे आणि तिच्यावर रंगीत दोऱ्याची एक गाठ मारून ठेवावी. हा उद्योग मुलांकडून करून घेतला तर त्यात प्रयोगाचा एक सबंध धडा आहे. बोर्ड तोच, संगणक तोच, बदलते ती केवळ केबल. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची आणि परिणाम पाहावयाचा ही शिस्त पाचवीच्या मुलास याहून सोप्या रीतीने शिकविण्याचे साधन माझ्या पाहण्यात नाही.

चांगल्या केबलने जोडल्यावर काय व्हावयास हवे? पेन ड्राइव्ह लावल्यावर जसा नवा ड्राइव्ह दिसतो, तसा ‘मायक्रोबिट’ या नावाचा ड्राइव्ह संगणकावर दिसू लागतो. त्यासाठी वेगळे काही भरावे लागत नाही. शाळेतील संगणक जुना असला तरी हे होते. ड्राइव्ह उघडला तर त्यात दोन लहान फाइली दिसतील. एक संस्थेच्या संकेतस्थळाकडे नेणारी, दुसरी बोर्डाचा तपशील सांगणारी. आता मुलाने पडद्यावर ठोकळे जुळवून कार्यक्रम तयार केला की संपादक त्याची ‘हेक्स’ नावाची फाइल करून देतो. ठोकळे आपल्यासाठी, चिपला ठोकळे कळत नाहीत, तिला आकड्यांची भाषा कळते, आणि ते आकडे सोळाच्या पद्धतीने लिहिलेले असतात म्हणून हे नाव. ही फाइल उचलावयाची आणि त्या ड्राइव्हवर नेऊन सोडावयाची. मागील पिवळा दिवा लुकलुकू लागतो, काही क्षणांत थांबतो, आणि बोर्डावर कार्यक्रम सुरू होतो.

यानंतर एक चमत्कारिक गोष्ट घडते. ड्राइव्ह क्षणभर नाहीसा होतो, पुन्हा येतो, आणि त्यात पाहावे तो आपण सोडलेली फाइल नाही! “गुरुजी, फाइल गेली!” असा गलका ठरलेलाच. ती गेलेली नसते. हा ड्राइव्ह म्हणजे खरोखरीची पेटी नव्हे. तो त्या शिपायाने पुढे केलेला हात आहे. हातात दिलेले पत्र तो आत देऊन येतो व रिकामा हात पुन्हा पुढे करतो. पत्र पोहोचले की नाही हे हातात पाहून कळावयाचे नाही, दिव्यांत पाहून कळते. काही बिघडलेच, तर त्या ड्राइव्हवर ‘फेल’ या नावाची एक लहान फाइल उमटते आणि तीत कारण लिहिलेले असते. ती इंग्रजीत असते, तथापि उघडून वाचावी.

दुसरी अडचण अंगठ्याची. मागील बटण यूएसबीच्या तोंडाला लागूनच आहे, हे मी मघाशी सांगितले. लहान मूल केबल जोराने आत सारते तेव्हा त्याचा अंगठा नेमका त्या बटणावर टेकतो. ते बटण दाबलेले असताना वीज आली तर शिपाई असे समजतो की माझ्याच दुरुस्तीसाठी कोणी आले आहे, आणि ‘मायक्रोबिट’ ऐवजी ‘मेंटेनन्स’ या नावाचा ड्राइव्ह दिसतो. तेथे मुलाची फाइल टाकून उपयोग नाही. घाबरण्याचे कारण नाही; केबल काढावी, बोर्ड कडांना धरावा, आणि पुन्हा लावावी. ड्राइव्हचे नाव आधी वाचावे व मगच फाइल सोडावी, अशी सवय मुलांस लावली की हा प्रसंग फारसा येत नाही.

क्रोम किंवा एज हा ब्राउझर असेल तर याहून सरळ मार्गही आहे. संपादकातच ‘जोडा’ म्हणून आज्ञा असते. ती दिली की बोर्डांची यादी पुढे येते, आपला बोर्ड निवडावयाचा, आणि यापुढे फाइल उचलून नेण्याची खटपट न करता कार्यक्रम थेट पाठवावयाचा. फायरफॉक्समध्ये ही सोय नाही. बोर्डातील शिपायाची आवृत्ती ०२४९ किंवा तिच्या पुढची असावी लागते. मघाशी सांगितलेल्या तपशिलाच्या फाइलीत तो आकडा सापडतो. हा मार्ग जलद आहे, यात शंका नाही. तरीही पहिले काही दिवस मुलांनी फाइल हाताने नेऊन सोडावी असे माझे मत आहे. आपण लिहिलेले काहीतरी येथून तेथे जाते, हे त्यांस डोळ्यांनी दिसले पाहिजे.

इंटरनेटची रेंज नसलेल्या गावांतील शिक्षक विचारतील, आमचे काय? संपादकाची संगणकावर भरून ठेवण्याजोगी आवृत्ती विंडोजसाठी मिळते. ती तालुक्याच्या गावी एकदा पेन ड्राइव्हवर घेतली की पुढे इंटरनेटवाचून काम चालते. बोर्डाला तर इंटरनेट कधीच लागत नाही. दुसरीकडे तयार केलेली हेक्स फाइल पेन ड्राइव्हवरून आणून बोर्डावर सोडली तरी तो तक्रार करीत नाही.

जेथे संगणकच नाही, किंवा आहे पण बंद आहे, अशाही शाळा आपल्यात आहेत हे मी जाणून आहे. त्यांच्यासाठी मोबाइल. येथे केबल नाही. जोडणी ब्लूटूथने, म्हणजे बिनतारी होते. केबल नाही म्हणजे वीजही नाही, म्हणून आधी बॅटरीची डबी लावावी. तीत टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतात तसले बारीक सेल दोन बसतात. मोबाइलचा चार्जर किंवा पॉवर बँक यांवर बोर्ड चालवू नये, असे निर्मात्या संस्थेने बजावलेले आहे, सेलच वापरावे. मग मोबाइलमध्ये मायक्रोबिटचे ॲप घ्यावे. ते अँड्रॉइड व आयफोन या दोहोंसाठी आहे. अँड्रॉइड ११ किंवा त्याहून जुना मोबाइल असेल तर ते ॲप लोकेशनची परवानगी मागते. ‘मी कोठे आहे हे याला कशाला हवे?’ ही शंका रास्त आहे. परंतु आसपासची ब्लूटूथ उपकरणे शोधण्यासाठी त्या जुन्या अँड्रॉइडची तशी अटच होती. परवानगी नाकारली की बोर्ड सापडत नाही आणि पुन्हा दोष बोर्डावर येतो.

यानंतर बोर्ड व मोबाइल यांची गाठ घालून द्यावयाची असते. ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन्ही बटणे दाबून धरावी. ती तशीच धरून मागील बटण एकदा दाबून सोडावे. पुढील बटणे मात्र इतक्यात सोडू नयेत. दिवे एकामागून एक लागत जाऊन सारा चौकोन भरतो. मग बोटे काढावी. तीन बटणांना दोन हात अपुरे पडतात, म्हणून हे काम दोन मुलांनी मिळून करावे हे उत्तम. चौकोन भरून गेल्यावर दिव्यांची एक आकृती उमटते. पाच उभे स्तंभ, कोणता एक दिवा उंच, कोणता तीन, कोणता पाच. तीच आकृती ॲपमध्ये बोटाने उमटवावयाची, म्हणजे मोबाइलला कळते की समोरच्या अनेक बोर्डांतील हाच तो.

ही आकृती म्हणजे त्या बोर्डाचे नाव होय. प्रत्येक स्तंभाची उंची पाच प्रकारची असू शकते आणि स्तंभ पाच आहेत. तेव्हा पाचास पाचाने, पुन्हा पाचाने, असे गुणीत गेल्यास ३,१२५ निरनिराळी नावे होतात. हा गुणाकार मुलांस फळ्यावर करू द्यावा. वर्गात दहा बोर्ड असतील तर दोघांचे नाव एकच निघण्याचा संभव किती थोडा, हे त्यांना मग न सांगता कळते. बोर्डाची आकृती बदलत नाही. म्हणून ती कागदाच्या चिठ्ठीवर काढून डबीवर चिकटवावी.

मोबाइलवरून पाठवणी केबलपेक्षा सावकाश होते आणि मध्येच तुटतेही. तेव्हा मोबाइल व बोर्ड जवळजवळ ठेवावे, आणि पाठवणी चालू असता कोणाचा फोन आलाच तर तो घेऊ नये. जोडणी तुटली तर पुन्हा आकृती दाखविण्यापासून आरंभ करावा. शाळेत मोबाइल म्हणजे बहुधा शिक्षकांचा स्वतःचा; त्यात त्यांचे खाजगी निरोप, बँकेचे व्यवहार असतात. तो मुलांच्या हाती किती वेळ द्यावा हे ज्याने त्याने ठरवावे. त्याविषयी कोणी सक्ती करू नये, असे मी या व्यासपीठावरून स्पष्ट म्हणतो. जेथे चालू संगणक आहे तेथे केबलचाच मार्ग धरावा.

काही शिक्षक असे म्हणतात की, संपादकाच्या पडद्यावर बोर्डाचे चित्र असते, त्यावर कार्यक्रम चालून दिसतो, मग खऱ्या बोर्डाची यातायात कशाला? चित्र अवश्य वापरावे. आधी त्यावर पडताळा घ्यावा. परंतु चित्राची केबल कधी निसटत नाही, त्याचे सेल उतरत नाहीत. खऱ्या बोर्डाचे तसे नाही, आणि मुलाचे शिक्षण पुष्कळसे तेथेच होते. शिवाय कार्यक्रम पाठवून झाल्यावर केबल काढून सेलची डबी लावली की बोर्ड संगणकावाचून तेच काम करीत राहतो, कारण वीज गेली तरी त्यातील कार्यक्रम पुसला जात नाही. हातातली वस्तू आपण सांगितलेले ऐकते, आणि सांगणारा मी होतो, हे त्या मुलाला त्या क्षणी उमगते. पडद्यावरील चित्र हातात धरून अंगणात पळता येत नाही.

उरला प्रश्न रजिस्टरचा. मोडले तर भरून कोण देणार, ही आपली खरी धास्ती. केंद्रप्रमुख समोर बसले आहेत म्हणून हे मुद्दाम बोलतो. शिक्षकावर या वस्तूंची जबाबदारी टाकताना त्या वापराव्या लागतात हेही ध्यानी घेतले पाहिजे. वापराने केबलचे तोंड सैल होते, डबीचा वायर तुटतो. त्याची नोंद वापरामुळे झालेली झीज म्हणून व्हावी, हानी म्हणून नव्हे. आणि एखादा बोर्ड नादुरुस्त लिहिण्यापूर्वी तो गाठ मारलेल्या केबलने, दुसऱ्या संगणकावर, अंगठा बटणावर नसताना लावून पाहिला आहे, असे रजिस्टरच्या शेऱ्यात लिहिल्याशिवाय ती नोंद मान्य करू नये, अशी माझी विनंती आहे. ज्या शाळांनी असे बोर्ड बाद केले असतील त्यांनी ते पुढील परिषदेस बरोबर आणावेत. आपण ते एकत्र बसून तपासू.

बाहेरच्या वर्गात चार टेबलांवर बोर्ड मांडून ठेवले आहेत. प्रत्येक टेबलावर तीन केबली आहेत, त्यांतील एक मुद्दाम केवळ चार्जिंगची ठेवली आहे. ती कोणती हे मी सांगणार नाही. चहा झाल्यावर चौघा-चौघांनी टेबलाशी बसावे. सातवीतील काही मुले मदतीस थांबली आहेत, त्यांना विचारण्यास संकोच करू नये.